तीन नंबरचं सोनं

लालबागच्या त्या गल्लीत जयवंत परबांच्या हाताचं कौतुक इतकी वर्षं चाललं होतं की ते हातातून निघून कधीच डोक्यात चढलं होतं. तरुणपणी परब गिरणीत फिटर. संप झाला, गिरणी बसली, बरोबरचे काही गावाला गेले, काही बाटलीला लागले. परबांनी चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज काढलं आणि चाळीस वर्षं तिथे जुन्या गाड्यांची इंजिनं बांधली. नट किती आवळायचा हे ते पुस्तकाला विचारत नसत, मनगटाला विचारत. ‘मशीन बोलतं, ऐकणारा पाहिजे,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्यांनी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं की मशीनला बोलायची पाळीच येत नसावी.

एक गोष्ट मात्र गल्लीला ठाऊक नव्हती. गेल्या तीन वर्षांत साखरेने परबांच्या बोटांची टोकं मारली होती. तापलेल्या सायलेन्सरवर बोट टेकलं तर चटका बसत नसे. कातडी करपल्याचा वास आला की कळे. इंजिनातल्या झडपांची फट मोजायची एक पातळ पट्टी असते. फटीतून ओढताना ती जराशी अडली पाहिजे. ती अडते आहे की सुळकन निघून येते आहे, हे परबांना आता समजत नव्हतं. हे ठाऊक होतं दोघांना: बायकोला, रखमाला, आणि धम्मपालला.

धम्मपाल सकपाळ एकोणीस वर्षं परबांच्या हाताखाली होता. नायगावच्या बीडीडी चाळीतून विशीत आला, आता चाळिशीला टेकला. बोलणं कमी, काम चोख. परब नट आवळून कंबर सरळ करत, की तो म्हणे, ‘काका, चहा सांगितलाय.’ परब कोपऱ्यावरच्या टपरीवर जात. ते परत येईपर्यंत धम्मपालने आपल्या टॉर्क रेंचने एकेक नट तपासून सारखा केलेला असे. टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘कट्’ वाजणारा पाना. तो त्याने स्वतः विकत आणला होता आणि परब त्याला खुळखुळा म्हणत. तीन वर्षांत धम्मपालने हे कधी बोलून दाखवलं नाही आणि परबांनी चहाला कधी नको म्हटलं नाही. चारचौघांत उपकार करणाऱ्याला माणूस एक वेळ माफ करतो. गुपचूप करणाऱ्याला करत नाही. परब मनातून धम्मपालचा राग राग करत होते, आणि का करतो हे स्वतःलाही विचारत नव्हते.

अशात विनीत खानोलकर आपली बीटल घेऊन आला. गिरगावात त्याच्या आजोबांचा दवाखाना होता, अडुसष्ट सालची ही गाडी त्यांची. विनीत आता दादरला राहायचा, पैसा बक्कळ, आणि दर जानेवारीत जुन्या गाडीवाल्यांच्या ताफ्यातून लोणावळ्याला जायचा. गेल्या वर्षी खंडाळ्याच्या घाटात त्याची गाडी एवढी दमली की भाजीचा टेम्पो पुढे गेला आणि टेम्पोतल्या माणसाने त्याला हात केला. तो हात विनीतला झोपू देत नव्हता. त्याला ताकद हवी होती. तेराशे सीसीचं इंजिन सतराशेच्या वर न्यायचं, गाडीचं रूप मात्र आजोबांच्या वेळचं ठेवायचं, असं त्याचं म्हणणं.

या गाडीचं इंजिन मागे, आणि त्याला पाणी नाही, रेडिएटर नाही. एक मोठा पंखा हवा ओढतो आणि पत्र्याच्या टोपातून चारही सिलिंडरांवर सोडतो. त्या हवेवर सगळा संसार. त्यातही तीन नंबरच्या सिलिंडरचं नशीब फुटकं. त्याच्या वाट्याची हवा आधी ऑईल कूलरमधून जाते, म्हणजे त्याला मिळते ती दुसऱ्याची उष्टी, तापलेली हवा. मरायचं झालं तर पहिला तीन नंबर मरतो. धम्मपाल म्हणायचा, तीन नंबरकडे बघून इंजिन बांधायचं, बाकीचे तिघं जगतातच. परब यावर हसत. म्हणत, तुला बरा त्याचा कळवळा.

पाच महिने काम चाललं. माझगावच्या एका वर्कशॉपात इंजिनाचं कवच मोठ्या सिलिंडरांसाठी कातून आणलं. ते कवच हलक्या, मऊ धातूचं. एक पीळ जास्त आवळलं तर बोल्टाबरोबर आटेच उपटून हातात येतात. म्हणून धम्मपालने प्रत्येक भोकात आतून आटे पाडलेले पोलादी बुश बसवले. एका कार्बुरेटरच्या जागी दोन आले, तेलाची टाकी खोल झाली, आणि डॅशबोर्डाखाली तेलाचं तापमान दाखवणारा एक काटा बसला, जो मूळ गाडीत कधीच नव्हता. प्रत्येक मोजमाप धम्मपालने एका वहीत लिहिलं. परबांनी काय केलं? परबांनी स्टुलावर बसून विनीतला गिरणीच्या गोष्टी सांगितल्या.

पण एके दिवशी विनीत न कळवता आला, तेव्हा परब टपरीवर होते. त्याने पाहिलं ते असं: धम्मपाल वाकलेला, वही उघडी, पाना कट् कट् वाजतोय. परब परतल्यावर विनीत सरळ म्हणाला, ‘काका, इंजिन तर हा बांधतोय. मग पाटीवर याचं नाव का नाही?’

गिऱ्हाइकासमोर परबांचा मोठेपणा नेहमीच उतू जाई. ते म्हणून गेले, ‘लागणार ना. दसऱ्याला लागेल. गाडी तुमच्या ताब्यात देईन त्याच दिवशी.’

धम्मपालच्या हातातला पाना थांबला. एकोणीस वर्षांत त्याने काही मागितलं नव्हतं, पण हे त्याने ऐकलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोला, दीपिकाला सांगितलं. बोललेला शब्द परत तोंडात घालता येत नाही. परबांनी घालून पाहिला.

मनू पेंटर पाटी मोजायला आला, तेव्हा परबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की नाव लांब आहे, मावणार नाही, ‘डी. सकपाळ’ एवढंच काढ. सकपाळ कोणीही असतो. धम्मपाल म्हटलं की गिऱ्हाईक नावावरून माणूस ओळखतं, आणि मग कोणाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. हे शेवटचं परब मोठ्याने बोलले नाहीत, पण मनू काही दुधखुळा नव्हता. धम्मपाल गाडीखाली होता. तो खालूनच म्हणाला, ‘पूर्ण नाव, काका. अक्षर बारीक चालेल.’ मनूने पूर्ण नाव काढलं आणि पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून दारावर टांगली. दसऱ्यापर्यंत परब त्या गुंडाळीखालून जाताना मान वर करत नव्हते.

दरम्यान इंजिन सुरू झालं, आणि काय सुरू झालं! धम्मपाल तीन आठवडे रोज सकाळी गाडी भायखळ्यापासून सायनपर्यंत हळूहळू फिरवत होता, नव्या इंजिनाला वळण लागावं म्हणून. गल्लीतले लोक गॅलरीत येऊन आवाज ऐकायचे आणि खाली परबांना म्हणायचे, मानला तुमचा हात. परब मानेनेच होकार देत.

दसऱ्याला सकाळी सातला धम्मपाल पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आला. त्याच्यासाठी तो दिवस धम्मदीक्षेचा. दीपिकाला घेऊन चैत्यभूमीला जायचं, मग नायगावच्या विहारात वंदना. चारला परत येतो म्हणाला, पाटीच्या वेळेला. जाता जाता त्याने इंजिनाचं झाकण उघडून परबांना दाखवलं. ‘काका, पूजा करा, मला काय. फक्त इंजिनावर काही ठेवू नका. फूल नाही, कापड नाही, काही नाही. पंखा मागच्या बाजूने हवा ओढतो. आणि काटा एकशेवीसच्या पुढे गेला तर गाडी तिथल्या तिथे बंद करा.’

‘मला शिकवतोस?’ परब म्हणाले.

‘आठवण करतोय.’

परबांच्या हातात आपट्याची पानं होती. दर दसऱ्याला ते एक पान धम्मपालच्या हातात कोंबत आणि म्हणत, घे रे, तुमच्यात नसलं तरी, सोनं ते सोनं. धम्मपाल ते मुकाट्याने घेई आणि हत्यारांच्या पेटीत ठेवून देई. आजही परबांनी पान पुढे केलं. पहिल्यांदाच धम्मपालने हात पुढे केला नाही. ‘संध्याकाळी घेतो, काका. पाटी लागली की.’

तो गेला, आणि ते पान परबांच्या हातात तसंच राहिलं. हे त्यांना फार लागलं. नोकराने सोनं नाकारलं म्हणजे काय!

पूजा नेहमीप्रमाणे झाली. पाने, हातोडे, जॅक धुऊन ओळीत मांडले, त्यांना हळदकुंकू लागलं. रखमाने पहाटे दादरच्या बाजारातून झेंडू आणून दोन हार ओवले होते, जाड दोऱ्यात, भरगच्च. एक पुढच्या बॉनेटवर चढला. दुसरा हातात घेऊन तिने विचारलं, ‘हो खंय?’

जिथे इंजिन तिथे हार, ही चाळीस वर्षांची रीत. परबांना धम्मपालचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं, म्हणूनच त्यांनी हार घेतला. ज्या इंजिनाला हार नको ते इंजिन कसलं, आणि हार घालू नका म्हणणारा हा कोण? त्यांनी तो पंख्याच्या टोपावर आडवा घातला, मागे टोक लोंबतं सोडलं, धम्मपालने न घेतलेलं पान हारात खोचलं आणि झाकण बंद केलं. मग नारळ फुटला.

विनीत चारला यायचा तो बाराला आला. बॉनेटवरचा हार पाहून खूश झाला. धम्मपाल येईपर्यंत थांबूया असं म्हणाला, नाही असं नाही. पण परबांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले. आज चाळीतल्या सगळ्यांनी बघावं, गाडीत कोण बसलंय ते.

वरळीहून कोस्टल रोडला लागेपर्यंत गाडी झकास चालली. विनीतने पाय दाबला आणि ती अशी काही उसळली की तो पोरासारखा हसला. हाजी अलीजवळ काटा एकशेदहावर होता. पुढे एकशेवीस. विनीतने विचारलं, ‘काका, हा काटा चढतोय. धम्मपाल काहीतरी म्हणाला होता ना?’

‘तो काटा नवीन आहे,’ परब म्हणाले. ‘खोटं बोलतो. तुम्ही आवाज ऐका. मशीन बोलतं.’

मशीन खरोखरच बोलत होतं, गळा आवळल्यासारखं. परबांनी ऐकलं नाही. काटा एकशेचाळीसला गेला. बोगद्यात शिरताना देव्हाऱ्यात निर्माल्य जळावं तसा वास आला. विनीतने नाक मुरडलं. परब म्हणाले, नवा रंग जळतोय. बोगदा संपायच्या आत मागून एक ठोका आला, मग लोखंड लोखंडावर घासल्याची किंकाळी, आणि चाकं जागच्या जागी धरली गेली. मागची टॅक्सी ब्रेक मारून इंचभरावर थांबली आणि तिच्या ड्रायव्हरने दोघांच्या आयाबहिणी काढल्या. विनीतचे हात स्टिअरिंगवरच होते. त्याने विचारलं, ‘घाटात हेच झालं असतं तर?’ परब दार उघडून खाली उतरले.

टोइंगच्या गाडीने बीटल गल्लीत आणली तेव्हा चार वाजून गेले होते. धम्मपाल पाटीखाली उभा होता, पांढऱ्या कपड्यांत. शेजारी दीपिका, नवी साडी, हातात पेढ्यांचा पुडा. वरच्या गॅलऱ्यांतून पन्नास डोळे. दीपिकाने पुडा हळूच पिशवीत टाकला.

धम्मपालने झाकण उघडून नाक जवळ नेलं. मग विचारलं, ‘काका, वर काही ठेवलं होतं?’

रखमा दारातच होती. परबांनी तिच्याकडे न बघता म्हटलं, ‘काय ठेवणार? मला काय शेंबडं पोर समजतोस?’

विनीत म्हणाला, उद्या सकाळी माझ्यासमोर उघडायचं, तोवर कोणी हात लावायचा नाही. पाटी गुंडाळलेलीच राहिली.

सगळे पांगल्यावर, दिवेलागणीला, परबांनी शेडचं दार आतून लावलं. अर्धा तास खटपट करून पंख्याचा टोप वीतभर उचलला. आत झेंडूचा लगदा होता, काळा पडलेला, कूलरच्या जाळीत घट्ट बसलेला, आणि पंख्याच्या आसाला जाड दोरा गरगरून गुंडाळला गेला होता. त्यांनी दोरा कापला, हात जाईल तिथवर फुलं उपसली, मग कंप्रेसरची नळी लावून हवा मारली. तीन नंबरच्या बाजूला, अगदी खाली, बोटं घालून चाचपलं. बोटांना काही लागलं नाही. बोटांना आता काहीच लागत नसे, पण त्या घाईत हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून ते घरी कचऱ्यात टाकायला गेले, तेव्हा रखमा तिथे उभी होती.

तिने कागद उलगडून पाहिला. आपल्या हाताने ओवलेली फुलं बाईला ओळखता येतात. ‘माझोच हार ह्यो,’ ती म्हणाली. ‘त्याका सांगा. पाटयेर नाव घालूचा नसात तर नका घालू, पण ह्या पाप माथ्यार घेव नकात.’

परब म्हणाले, तू तोंड बंद ठेव. तिने ठेवलं. पन्नास वर्षांच्या संसारात तेवढं एक काम तिला चांगलं जमायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत परबांच्याच स्टुलावर बसला. धम्मपालने चार बोल्ट काढून इंजिन जॅकवर खाली घेतलं आणि एकेक भाग सोडवून फडक्यावर मांडू लागला. तीन नंबरचा पिस्टन सिलिंडरमध्ये रुतून बसला होता, माथा वितळलेला. विनीतने वाकून पाहिलं आणि परबांना विचारलं, कशाने झालं?

हीच वेळ होती. परबांनी घसा खाकरला. सांगितलं की पिस्टन घट्ट बसवला, सिलिंडरमध्ये त्याला जागाच ठेवली नाही. तापल्यावर तो फुगणार, मग धरणारच. आपण याला दहादा सांगितलं, जरा मोकळं ठेव, पण आजकाल सगळे वहीत बघून इंजिन बांधतात, हाताचं कोण ऐकतो. हे बोलताना त्यांचा आवाज चांगलाच लागला. खोटं बोलायलाही हातखंडा लागतो, आणि तो त्यांच्यात अजून शाबूत होता.

धम्मपालने वहीकडे बोट केलं नाही. तो तीन नंबरचा सिलिंडर उचलून उजेडाकडे फिरवत होता. सिलिंडरच्या अंगावर हवा खेळवायला पातळ चकत्या असतात, एकाला एक लागून. त्यातल्या दोन चकत्यांमध्ये, तळाशी, काहीतरी अडकलं होतं. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ते अलगद सोडवलं आणि डाव्या मुठीत घेतलं. विनीत तेव्हा फोनवर बोलत होता. परबांनी पाहिलं. दोन पाकळ्यांचं पान, कडा जळलेल्या, मधे देठाची जागा तशीच.

धम्मपाल परबांकडे वळला. मग हलक्या आवाजात म्हणाला, ‘काका, तुम्हीच सांगा काय झालं ते. अजून सांगा.’

एकोणीस वर्षं हाताखाली राबलेला माणूस समोर उभा राहून संधी देत होता. परबांनी वर बघितलं. गॅलरीत माणसं होती.

‘सांगितलं की,’ ते म्हणाले. ‘चूक तुझी.’

विनीतने फोन खिशात टाकला. तो धम्मपालला म्हणाला, ‘माझ्या आजोबांची गाडी होती ती. तुझ्यासारख्याच्या हातात दिली हीच माझी चूक.’ मग परबांकडे वळून म्हणाला की या माणसाने यापुढे गाडीला हात लावलेला चालणार नाही. सामान तो पुन्हा मागवेल. ‘आणि काका, आता पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत तुम्ही स्वतः बांधायचं. मी समोर बसणार आहे.’

परबांनी धम्मपालकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काय होतं हे गल्लीत फक्त एकालाच वाचता येत होतं. धम्मपालने मूठ उघडली असती तर परबांची लाज गेली असती, पण इंजिन त्यांच्या गळ्यात पडलं नसतं. धम्मपालने आपल्या मुठीकडे पाहिलं. मग परबांच्या बोटांकडे, त्या करपलेल्या, काही न कळणाऱ्या टोकांकडे.

‘बरोबर बोललात, साहेब,’ तो म्हणाला. ‘चूक माझीच. काकांच्या हाताला तोड नाही. त्यांच्याकडूनच बांधून घ्या. त्यांना टॉर्क रेंच पण लागत नाही.’

त्याने रॉकेलच्या डब्यात हात धुतले, भुशाने पुसले, वही आणि पाना पिशवीत टाकला. बाकी काही घेतलं नाही. जाताना परबांसमोर थांबून त्याने त्यांचा उजवा हात हातात घेतला, पान तळव्यावर ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली.

‘सोनं घ्या, काका. सोन्यासारखं राहा.’

विनीतला हे ऐकून गंमत वाटली. तो म्हणाला, बघा, हाकलून दिलं तरी रीत विसरला नाही. परब मूठ मिटून उभे होते. त्यांच्या तळव्याला पान लागत होतं, बोटांना लागत नव्हतं.

आठवड्याने मनू पेंटर येऊन, पाटीची गुंडाळी सोडून, दुसऱ्या नावावर काळा रंग मारून गेला. पाटीवर आता फक्त जयवंत परब हे नाव राहिलं, ठसठशीत. हवं होतं तसंच झालं. दुपारी ऊन तिरपं पडलं की काळ्या रंगाखालची बारीक अक्षरं उठून दिसत, पण तेवढं कोण बघतो. रखमा बघायची आणि आत निघून जायची. धम्मपाल भायखळ्याला कुठेतरी लागला असं कानावर आलं. परबांनी चौकशी केली नाही.

डिसेंबरात सामान आलं. विनीत बोलल्याप्रमाणे येऊन स्टुलावर बसला, मांडीवर कॉफीचा कागदी ग्लास घेऊन, आणि परब पाना घेऊन वाकले. पहिले दोन नट आवळले गेले. तिसऱ्याला त्यांनी मनगटाला विचारलं, आणि मनगट काही बोललं नाही. त्यांना वाटलं, अजून थोडं. पाना फिरला. अजून थोडं. पाना लोण्यात फिरावा तसा फिरला, आणि बोल्ट बुशासकट, मऊ धातूचे आटे घेऊन, बाहेर आला. तो कधी सुटला हे त्यांना कळलंच नव्हतं. तीन नंबरच्याच बाजूचा होता.

विनीत पुढे झुकला. ‘काका, हे असं निघायला पाहिजे का?’

परबांनी बोल्ट फडक्यावर ठेवला. ‘चहा घेऊन येतो,’ ते म्हणाले.

ते कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. एक कटिंग घेतली, सावकाश. मग आणखी एक घेतली. टपरीवाल्याने विचारलं, काय काका, धम्मा दिसत नाही हल्ली. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि परत आले. शेडमध्ये सगळं जसं सोडून गेले होते तसंच होतं. उपटलेला बोल्ट फडक्यावर पडलेला होता आणि विनीत घड्याळाकडे बघत होता.